मळायचे पैसे कोण देतं?

“मॅडम, ड्यूटी तर नऊ तासांचीच आहे. तरी एवढा कसा काय दमतो मी?”

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय, की खुर्चीत बसता बसता माणसाचा हात कमरेकडे गेला की मला अंदाज येतो, हा पार्सलवाला. पुण्यात वाघोलीच्या बाजूला कुरिअरची आणि ऑनलाइन खरेदीची गोदामं उभी राहिली. तिथून गाड्या काढणारी माणसं चंदननगर, येरवडा, विश्रांतवाडी अशा भागांत राहतात. माझं समुपदेशन केंद्रही त्याच पट्ट्यात.

यातले फार थोडे स्वतःहून येतात. बायको आणते, नाहीतर मुलाच्या शाळेतल्या बाई पाठवतात. तक्रार ठरलेली: चिडचिड, झोप नाही, परवा पोरावर हात उगारला. निदानही घरूनच करून आलेले असतात, “माझ्यातच आता दम राहिला नाही.” कुणी रक्त तपासून येतो, कुणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेऊन. (तपासण्या कराव्यातच. मीही आधी तेच विचारते.)

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याला दत्ता म्हणू. नाव बदललंय आणि कुणी ओळखू नये म्हणून दोघा-तिघांचे तपशील एकत्र केलेत.

दत्ता पस्तिशीतला, व्हॅनवर ड्रायव्हर. हब, म्हणजे पार्सलं जिथून गाड्यांत भरून निघतात ते गोदाम, कंपनीचं, माल कंपनीचा. पण गाडी आणि पगार ठेकेदाराचा. त्यांच्या भाषेत ‘व्हेंडर’चा.

“ड्यूटी किती ते किती?” मी विचारलं.

“नऊ ते सहा.”

“घरातून किती वाजता निघता?”

“साडेसहाला.”

“चंदननगरहून वाघोलीला पोचायला अडीच तास?”

तो हसला. “नाही हो. सातला हबवरच असतो. गाडी नऊला सुटते.”

“मग सात ते नऊ काय करता?”

“काही नाही. माल लावायचा असतो.”

ते ‘काही नाही’ म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून नीट काढून घेतलं. आपल्या रूटची पार्सलं ढिगातून शोधायची, एकेक स्कॅन करायचं. मग ती गाडीत उलट्या क्रमाने लावायची: शेवटी द्यायचं ते सगळ्यात आत, पहिलं दाराशी. जड खाली, काचेचं कडेला. एक पार्सल नजरेतून सुटलं तर पगारातून डेबिट. संध्याकाळी शेवटचं पार्सल दिलं की मोबाइलवर रूट बंद आणि हजेरीही तिथेच थांबते. दत्ता मात्र थांबत नाही. परत हबवर जायचं, न गेलेला माल स्कॅन करून जमा करायचा आणि दिवसभराची रोकड भरायला रांगेत उभं राहायचं. खिडकी एक, ड्रायव्हर सगळे एकाच वेळी परतलेले. त्यात फाटकी नोट निघाली तर कॅशियर ती परत सरकवतो आणि तेवढे पैसे खिशातून.

घरी पोचायला रोज नऊ-साडेनऊ. हे सगळं तो मला असं सांगत होता, जणू दुसऱ्याच कुणाचा दिवस आहे.

आमच्या क्षेत्रात अशा माणसाला ताणाचं नियोजन शिकवायची फॅशन आहे. पंधरा तास घराबाहेर असलेल्याला दीर्घ श्वसनाचे धडे देणं मला तरी पटत नाही. मी विवेकनिष्ठ विचारांची. माणूस घटनेने जितका खचतो, त्याहून जास्त त्या घटनेचा स्वतःशी जो अर्थ लावतो त्याने खचतो, असं मी मानते. आणि अर्थ तपासायचा तर आधी घटना जशीच्या तशी समोर हवी. म्हणून त्याला वही दिली. पायात बूट चढल्यापासून ते उतरेपर्यंत काय काय केलं, वेळेसकट लिहून आणायचं.

पुढच्या वेळी वही आली. रोजची नोंद: नऊ ते सहा, डिलिव्हरी.

“आणि सातपासूनचं?”

“कामाचंच लिहायचं होतं ना?”

मला गाठ इथे सापडली. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम नव्हेच, अशी त्याची इतकी सवय झाली होती की ते तास त्याच्या स्वतःच्या हिशेबातूनही गळाले होते. शरीर मात्र ते धरून होतं. नऊ तासांच्या कामाने चौदा तासांचा थकवा येत नाही. मग उरलेल्या थकव्याचं कारण कुठे शोधायचं? तो स्वतःत शोधत होता: आपलं वय झालं, आपण आळशी, आपल्यात काहीतरी बिघाड आहे. फसवणूक बाहेर चालली होती आणि दोष त्याने घरात आणून ठेवला होता.

या टप्प्यावर मी जोडीदाराला बोलावते. माझ्या काही सहकाऱ्यांना ही घाई वाटते. मला तिची फळं इतक्या वेळा मिळाली आहेत की मी तो हट्ट सोडलेला नाही.

मनीषा आली ती तयारीनेच. “सहाला सुटतात हे त्यांनीच सांगितलेलं. घरी येतात साडेनऊला. मधे कुठे असतात, विचारलं की गप्प. मला काय समजायचं ते मी समजले.”

टपरी, मित्र, बाटली. काय समजली असेल ते वेगळं सांगायला नको. आणि दत्ता गप्प का राहायचा? तर “रांगेत उभा होतो हे काय सांगायचं, लाज वाटते.”

मी त्याला आदल्या दिवसाचं संध्याकाळचं सगळं तिच्यासमोर सांगायला लावलं. तो खाली बघत बोलत राहिला. मनीषाने मधेच अडवलं.

“पैसे भरायला दीड तास? त्याचे किती देतात?”

“त्याचे कसले देतात? ती काय डिलिव्हरी आहे?”

मनीषा तीन घरी पोळ्या करते, शिवाय डब्यांच्या ऑर्डरी घेते. ती खुर्चीत पुढे सरकली.

“अहो, मी पोळीमागे पैसे घेते ते काय नुसत्या लाटायचे घेते? कणीक मळायची, तवा तापवायचा, ओटा पुसायचा, ते सगळं त्या भावातच धरते ना? नाही धरलं तर परवडेल का मला? तुम्ही नुसत्या लाटायचे घेताय. मळायचे कोण देतं तुम्हाला?”

अशा क्षणी समुपदेशकाने तोंड उघडू नये. मी उघडलं नाही. पंखा फिरत होता, बाहेर रिक्षावाल्यांचं काहीतरी चाललं होतं. दत्ता बराच वेळ बायकोकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या टेबलावरचं पेन उचललं, वही उघडली आणि रोजच्या नोंदीच्या वर, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, लिहायला लागला: सात ते नऊ, माल लावला. खाली: सव्वासहा ते सव्वासात, हबला परत. मग रिटर्न. मग कॅश. एकेक दिवस मागे जात त्याने आठवडा भरून काढला. मनीषा शेजारून सांगत होती, “गुरुवारी उशीर झाला होता, गुरुवारी जास्त लिहा.”

मी वर्षभर समजावूनही जे उतरलं नसतं ते तिच्या चार वाक्यांत उतरलं. पण ती चार वाक्यं जिथे बोलली जातील अशी जागा तयार करणं हे आमचं काम, आणि ते साधलं याचं मला समाधान आहे.

थकव्याला कारण मिळालं की माणसाची अर्धी चिडचिड जाते, हे मी अनुभवाने सांगते. उरलेली अर्धी भीतीची. सगळे इथे अडतात.

“बोललो तर काम जाईल, ताई.” (तोवर मॅडमची ताई झाले होते.)

“समजा गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय कराल?”

“काय करणार... दुसऱ्या व्हेंडरला फोन.”

“तो ठेवून घेईल?”

“घेईल की. पाठीमागेच लागलाय. लायसन असलेली पोरं मिळतात कुठे?”

बोलून गेल्यावर तो स्वतःच थबकला. उत्तर त्याच्याकडेच होतं, पण भीती त्याला तिथवर पोचू देत नव्हती. काम जाणं हा तोटा आहे, त्रास आहे, जगबुडी नाही. हा फरक मी प्रत्येकाला करायला लावते. पण हेही सांगते, की ज्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे आणि ज्याला दुसरा फोन लावायला जागा नाही, त्याने आधी ती जागा तयार करावी आणि मग तोंड उघडावं. शौर्याचा सल्ला देणारे पगाराच्या तारखेला सोबत नसतात.

आता तुमच्यापैकी जे या कामात आहेत किंवा ज्यांच्या घरात कुणी आहे, त्यांच्यासाठी थोडं. मी वकील नाही. पण काही गोष्टी ठाऊक असल्या की बोलताना आवाज कापत नाही, म्हणून सांगते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने माल चढवणं-उतरवणं, रोकड भरणं, रजिस्टरवर सह्या करणं, गाडी ताब्यात घेणं आणि जागेवर लावणं ही कामं ‘पूरक काम’ म्हणून कामाच्या तासांतच मोजली होती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. तेव्हा ऑनलाइन पार्सल कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गाडी थांबली म्हणून काम थांबत नाही, एवढं मात्र तो लिहिणाऱ्यांना कळलं होतं. हा कायदा आता केंद्राच्या चार नव्या कामगार संहितांमध्ये सामावला आहे आणि त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. वेतन संहितेनुसार जादा वेळेचे पैसे किमान दुप्पट दराने द्यायचे असतात आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. नेमकं आपल्याला काय लागू पडतं, हे शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात किंवा एखाद्या कामगार संघटनेत जाऊन विचारावं. याच पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोती वाहणाऱ्यांच्या घामाचा हिशेब मागितला. 1969 पासून महाराष्ट्रात माथाडींसाठी कायदा आहे. हिशेब मागणं म्हणजे भांडखोरपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्केट यार्डात एक चक्कर मारून यावं.

दुचाकीवर जेवण पोचवणाऱ्या मुलांचं वेगळं. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवलंय. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची तरतूद आहे आणि केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणीही करता येते, ती जरूर करावी. पण हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट बघण्याचे पैसे त्यातून सुटत नाहीत. या मुलांना मी वेगळा हिशेब घालायला सांगते. दिवसाची कमाई, त्यातून पेट्रोल वजा, आणि भागायचं ते घर ते घर या तासांनी. ॲप सुरू असलेल्या नव्हे, किंवा ऑर्डर हातात असलेल्याही नव्हे. आकडा बघून वाईट वाटतं. पण कोणत्या हॉटेलच्या ऑर्डरी घ्यायच्या, लोहगावच्या टोकाची ऑर्डर घेऊन रिकामं परत यायचं की नाही, हे त्या आकड्यानेच ठरवता येतं. एका मुलाने एवढ्यावरून दुपारी दोन तास सरळ ॲप बंद ठेवायला सुरुवात केली. कमाईत फारसा फरक पडला नाही, तो मात्र जेवायला लागला.

घरच्यांना एवढंच सांगेन की “एवढा वेळ कुठे होतास” याऐवजी “आज खिडकीवर किती गर्दी होती” असं विचारून बघा. पहिला प्रश्न चौकीतला वाटतो.

मागायला कसं जायचं, हे आम्ही दत्तासोबत घोटून घेतलं. एकट्याने जायचं नाही. रागात जायचं नाही, आणि हात जोडूनही नाही. “साहेब, जरा बघा ना” म्हटलं की ती कृपा होते, आणि कृपा कधीही काढून घेता येते. वहीची पानं पुढे ठेवायची आणि विचारायचं, “यातले कोणते तास मोजायचे?” मग थांबायचं. दत्ताला हे थांबणं सगळ्यात अवघड गेलं. सरावात तो दर वेळी स्वतःच बोलून टाकायचा, “नाही जमलं तर राहू द्या.”

तो आणि त्याच्या रूटवरचे आणखी तिघे मिळून व्हेंडरकडे गेले. व्हेंडर आधी चिडला, मग कंपनीकडे बोट दाखवलं, मग म्हणाला बघतो. पुढच्या महिन्यापासून हजेरी हबच्या गेटवर, आत शिरताना लागायला लागली. सकाळचे दोन तास मोजले जाऊ लागले. मागचं काही मिळालं नाही. संध्याकाळची रांग आहे तशीच आहे. दत्ता त्या रांगेतून आता मनीषाला फोन करतो, आणि मुलाचा पाढा तिथेच, फोनवर ऐकतो.

संध्याकाळचे तास तो लिहितोच आहे. पुढचं बोलणं त्यांनी दसऱ्याच्या सुमाराला ठरवलंय. दिवाळीच्या सेलचा माल तेव्हा हबवर येऊन पडतो आणि व्हेंडरला ड्रायव्हरची सगळ्यात जास्त गरज असते. ही वेळ मी सुचवली नाही, मनीषाने काढली. सणाच्या तोंडावर तीही पोळीचा भाव वाढवते.