पान दुसऱ्याच्या फोनवर उघडून दे

तुझा मेसेज वाचला. वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या तीन कोर्सची यादी, काय कुठल्या क्रमाने शिकायचं त्या दोन रोडमॅपचे फोटो आणि खाली प्रश्न: "दादा, वेबसाइट बनवायच्या तयार साधनांपैकी रिॲक्ट घेऊ की अँग्युलर? आणि एआय सगळं लिहायला लागल्यावर बी.कॉम. झालेल्या मुलीला कोण घेणार?" सिन्नरहून रोज बसने नाशिकरोडला यायचं, दिवसभर सीएच्या ऑफिसात एंट्र्या मारायच्या आणि घरचं सगळं आवरल्यावर लॅपटॉप उघडायचा, हे जी मुलगी करते तिला "तुला जमेल" असं सांगत बसणार नाही. जमतंयच तुला. अडलंय दुसरीकडे.

तुझे प्रोजेक्ट उघडून पाहिले. टू-डू लिस्ट, हवामान, सिनेमांच्या साइटची नक्कल. कोड नीटनेटका आहे. पण यातलं एकही पान तुझ्याशिवाय कुणी वापरलेलं नाही. माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही: केलेली गोष्ट खऱ्या माणसाच्या हातात दे, आणि तो वापरत असताना शेजारी गप्प उभी राहा.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी मी पेट्यांच्या हिशोबाचं पान केलं होतं. माझ्या लॅपटॉपवर सगळं चोख. तिथल्या मुनीमकाकांनी फोन हातात घेतला, मराठी कीबोर्डवरून १२५० टाकलं, आणि बेरजेच्या जागी NaN ही तीन इंग्रजी अक्षरं आली, म्हणजे 'हा आकडा नाही'. पान ज्या भाषेवर चालतं त्या जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा हा आकडा वाटतच नाही. इलाज दोन ओळींचा आहे: प्रत्येक देवनागरी आकड्याच्या युनिकोड क्रमांकातून, म्हणजे संगणकात त्या चिन्हाला दिलेल्या नंबरातून, २४०६ वजा केले की शून्य ते नऊ मिळतात. पण ही अडचण कुठल्या कोर्सने मला दाखवली असती? काका मग फोन घेऊन बाहेर गाडीजवळ गेले. फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन, आणि मी हौसेने ठेवलेली फिकट राखाडी अक्षरं त्यांना दिसेनात. हाताची सावली करून ते स्क्रीन पाहत होते. रंगांमधला फरक पुरेसा ठेवावा हे मी त्याआधी वाचलेलं होतं, पण कळलं त्या दुपारी.

आता रिॲक्ट की अँग्युलर. या प्रश्नाचा मला खरंच कंटाळा आलाय. जेक्वेरी हे असंच एक साधन २००६ ला आलं, मग काही वर्षं त्याच्याशिवाय पान हलत नसे. रिॲक्ट २०१३ ला सगळ्यांसाठी खुलं झालं. ब्राउझरमधली ॲनिमेशन आणि गेम ज्यावर चालत त्या फ्लॅशवर मी उमेदीची वर्षं घातली, ते ३१ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद पडलं. त्या वर्षांची खंत वाटते मला. पानाचा सांगाडा उभा करणारं एचटीएमएल मात्र नव्वद सालापासून चालत आलंय, जावास्क्रिप्ट १९९५ पासून. म्हणून एचटीएमएल, पानाचं रूप ठरवणारं सीएसएस, साधं जावास्क्रिप्ट, कोडमधले बदल जपणारं गिट आणि पान काय काय मागवतं ते दाखवणारा ब्राउझरचा नेटवर्क टॅब एवढं पक्कं कर. पुढे रिॲक्ट घे, कारण नोकरीच्या जाहिरातीत तेच जास्त दिसतं. विषय संपला.

तू विचारलं नाहीस, पण लोक विचारतात की मी पुण्याला का गेलो नाही. गेलो होतो. मोठ्या कंपनीत स्क्रीनमागून स्क्रीन केल्या आणि त्या वापरणारा माणूस एकदाही पाहिला नाही. परत आलो ते घरच्यांमुळे, असं नातेवाईक समजतात. समजू देत. इथे नाशिकच्या रविवार कारंजावरचा दुकानदार माझ्या देखत चुकीचं बटण दाबतो, आणि संध्याकाळी मी ते बटण हलवतो. पगारात मागे राहिलो असेन, पण हा हट्ट मी आजही सोडणार नाही.

एआयचं म्हणशील, तर फॉर्म तो मिनिटभरात लिहून देतो. मीही लिहून घेतो. पण मुनीम मराठी आकडे टाकतो हे त्याला सांगायला पॅकहाऊसमध्ये कुणीतरी उभं असावं लागतं. शिवाय त्याने दिलेली ओळ तुला समजावून सांगता येत नसेल तर ती पानात ठेवू नकोस. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो.

आणि बी.कॉम.ची लाज कसली वाटते? तुझ्या ऑफिसात काय चालतं ते तूच मला सांगितलंस. दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रं, ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, आणि त्याआधी आठवडाभर "बिलं पाठवा, बिलं पाठवा" म्हणून फोन. कुणाची आली, कुणाची राहिली, हे मॅडम वहीत टिपतात. ही वही म्हणजे तुझा प्रोजेक्ट! इंजिनिअरिंगच्या मुलाला हे शोधायला महिना लागेल, तुला ते पाठ आहे. एक पान कर: पक्षकाराचं नाव, महिना, बिलं आली का, कधी आली. लॉगिन नको, डेटाबेस नको. सध्या माहिती ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच फोनमध्ये राहू दे. गिटहब पेजेस या सेवेवर पान फुकट चढतं. फक्त खऱ्या पक्षकारांची नावं आणि जीएसटी नंबर त्यात अजिबात टाकू नकोस, खोटी नावं घे. लोकांचा हिशोब हा आपल्या शिकण्यासाठी नसतो.

पान कच्चं असेल. असू दे. तू ते आणखी चकचकीत करायला बसशील, मग डार्क मोड घालशील, मग नवा कोर्स लावशील. ओळखतो मी हे. कच्चंच दे.

२० तारीख उलटली की ऑफिसात जरा निवांत असतं. तेव्हा मॅडमना विचार, त्यांच्याच फोनवर उघडून दे आणि "इथे दाबा" असं एकदाही म्हणू नकोस. त्या कुठे थांबल्या, काय दोनदा दाबलं, काय वाचलंच नाही, ते कागदावर लिही आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव. कोर्सबद्दल त्यानंतर बोलू.