जाहिरातीचा दणदणाट, कापलेली पट्टी आणि आठच्या आधीच लागणारी आठची मालिका : वाचकांचे प्रश्न

या वेळी टीव्हीविषयीची पत्रं घेतली आहेत. कार्यक्रम आवडतो पण धड बघू देत नाहीत, असा बहुतेकांचा सूर आहे. यातलं काही घरच्या रिमोटवर सुटतं, काहीसाठी केबलवाल्याला गाठावं लागतं आणि काहीसाठी थेट वाहिनीला लेखी विचारावं लागतं. कशासाठी कुठं जायचं, हे त्या त्या उत्तरात सांगितलं आहे.

मालिकेतलं बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज २२ वर ठेवतो. जाहिरात लागली की घर दणाणतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, बाळ झोपलेलं असतं, मग रिमोट हातातून सुटतच नाही. वाहिनी मुद्दाम आवाज वाढवते का? (अंबाजोगाई)

तुमचे कान बरोबर सांगतायत, पण कारण थोडं वेगळं आहे. मालिकेत कुजबुज, साधं बोलणं, रडणं, आरडाओरडा असे चढउतार असतात. सर्वांत मोठा आवाज क्वचित येतो, बाकी वेळ पातळी बरीच खाली असते. जाहिरातीचा आवाज तयार करताना हे चढउतार दाबून टाकतात आणि हळू भागही उचलून वरच्या मर्यादेला आणून ठेवतात. त्यामुळे यंत्रावर दोन्हींचं टोक सारखंच दिसतं, पण जाहिरात तीसही सेकंद त्या टोकालाच चिकटून असते. कान सरासरी धरतो, टोक नाही. म्हणून ती दुप्पट मोठी वाटते.

यावर मोजमाप आहे. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेनं २०१० मध्ये सरासरी आवाजाची पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) अशी ठरवून दिली. अमेरिकेनं त्याच वर्षी जाहिरातींच्या आवाजासाठी कायदा केला आणि डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ७(६) जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, एवढंच म्हणतो. किती म्हणजे अवाजवी, त्याचा आकडा त्या नियमात नाही, आणि आमच्या मते सगळी अडचण तिथंच आहे.

घरी हे करून बघा. आधी सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा आवाज पूर्ण किंवा एक-दोन पायऱ्या खाली ठेवा आणि कमी-जास्त फक्त टीव्हीच्या रिमोटनं करा. अनेक घरांत बॉक्स अर्ध्यावर आणि टीव्ही टोकाला असतो, मग बोलण्याबरोबर खरखरही वाढते. नंतर टीव्हीच्या मेनूत आवाजाच्या भागात ‘ऑटो व्हॉल्यूम’, ‘व्हॉल्यूम लेव्हलर’ किंवा ‘नाइट मोड’ असं काही असेल ते चालू करा. ‘सराउंड’ बंद करा. बॉक्सच्या मेनूत आवाज ‘डॉल्बी’वर असेल तर ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करून फरक ऐका. सहा स्पीकरसाठी बनलेल्या आवाजात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतो. तो टीव्हीच्या दोन स्पीकरांत नीट मिसळला नाही तर पार्श्वसंगीत दणक्यात आणि माणसाचं बोलणं पातळ, असं होतं. बास दोन-तीन पायऱ्या कमी आणि ट्रेबल तितकंच जास्त केलं तर सासूबाईंना शब्द स्पष्ट कळतील. त्यासाठी एकूण आवाज वाढवायची गरज पडणार नाही.

एक जपा. ऑटो व्हॉल्यूम चालू असताना गाण्याचा किंवा भजनाचा कार्यक्रम सपाट ऐकू येतो, शांत जागी मागची सरसर वर येते. तेवढ्यापुरता तो बंद करावा.

रात्री मालिका कमी आणि जाहिराती जास्त असं झालंय. काही मर्यादा आहे की नाही? (परभणी)

आहे. त्याच नियमांतल्या ७(११) प्रमाणे तासाला १२ मिनिटं: १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची झलक. ‘ट्राय’नं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०१३ च्या नियमावलीत हा तास घड्याळाचा धरला, म्हणजे ८ ते ९, ९ ते १०. वाहिन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

मोजायचं असेल तर अर्ध्या तासाच्या मालिकेवर मोजू नका. ८ वाजता मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि ९ वाजेपर्यंत प्रत्येक ब्रेकची सुरुवात आणि शेवट कागदावर लिहा. दोन रकाने करा, एकात बाहेरच्या जाहिराती, दुसऱ्यात वाहिनीच्या झलका. मागच्या भागाची उजळणी आणि ‘पुढील भागात’ या दोन्हींना जाहिरात धरता येत नाही. लोक तीही मिळवतात आणि हिशेब तिथंच कच्चा पडतो.

बातम्या बघताना क्लासेसच्या, दवाखान्यांच्या पट्ट्या खालून सरकत राहतात. सिनेमा बघताना चित्र आक्रसून बाजूला आणि खाली जाहिरात येते. हे कोण टाकतं? (लातूर)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आधी त्या वेगळ्या करायला हव्यात. केबल असेल तर ज्यांच्या गच्चीवर डिशची छत्री आहे अशा शेजाऱ्यांकडे त्याच वेळी तीच वाहिनी लावा. दोन्हीकडे पट्टी दिसली तर ती वाहिनीची. फक्त तुमच्याकडे दिसली, किंवा तीच पट्टी तुमच्याकडे तीन-चार वाहिन्यांवर सारखी फिरत असली, तर ती केबलच्या कंट्रोल रूममधून टाकलेली. गावातल्याच क्लासची पट्टी राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीवर आली की दुसरीच शक्यता जास्त. केबलवाल्याला लेखी सांगा. तो ऐकत नसेल तर केबल कायद्यात जिल्हाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी हे प्राधिकृत अधिकारी आहेत. अर्ज तिथं द्या.

वाहिनीची असेल तर नियम ७(१०) वाचण्यासारखा आहे. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे आणि तिनं कार्यक्रमात अडथळा आणू नये, असं तो म्हणतो. पडद्याच्या खालच्या भागातल्या स्थिर किंवा सरकत्या मजकुराचा उल्लेख त्यात नावानिशी आहे. चित्र आक्रसून दोन बाजूंनी येणाऱ्या जाहिरातीला या धंद्यात ‘एल-बँड’ म्हणतात. संवादांच्या ओळींवरच (सबटायटल) ती पट्टी चढते तेव्हा ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचा कार्यक्रमच संपतो. हा आमच्या लेखी सर्वांत वाईट प्रकार, आणि तक्रारीत तो आवर्जून लिहावा.

आमच्या टीव्हीवर खालची बातम्यांची ओळ अर्धीच दिसते, उजवीकडचा वाहिनीचा लोगोही कापला जातो. काही वाहिन्यांवर माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. वाहिनीचा दोष की टीव्हीचा? (वसमत)

कापणं टीव्हीचं. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागं जायच्या. ती सवय नव्या टीव्हीतही कायम ठेवलेली असते आणि चित्र थोडं फुगवून दाखवलं जातं. चित्राच्या आकाराच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘ओरिजिनल’ किंवा ‘फुल पिक्सेल’ शोधा, कंपनीनुसार नाव बदलतं. बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरनं जोडला असेल तर हा पर्याय बहुधा दिसणारच नाही. एचडीएमआय वायर लावा, मग दिसेल.

जाडी माणसं म्हणजे जुन्या ४:३ आकाराचं चित्र १६:९ पडद्यावर ताणलेलं. बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा आकार १६:९ निवडा आणि टीव्हीवर ‘ऑटो’ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या येऊ द्याव्यात, चेहरे खरे दिसतात. चारही बाजूंनी काळं आणि मध्ये छोटं चित्र दिसत असेल तर मात्र वाहिनीनं रुंद चित्र आधी ४:३ मध्ये बसवून पाठवलं आहे. तेवढ्या वाहिनीपुरतं ‘झूम’ करा आणि बदलताना परत आणा, नाहीतर पुढच्या वाहिनीचं डोकं आणि पट्टी दोन्ही जातील.

आठची मालिका सात अठ्ठावन्नलाच सुरू होते, रविवारी महाएपिसोड असला की आठ-दहाला. त्यात नेमकी लाइट जाते. रेकॉर्डिंग लावलं तर शेवट कापलेला. (गंगाखेड)

एक मालिका संपताना ब्रेक न घेता दुसरी सुरू केली की प्रेक्षकाला वाहिनी बदलायला सवडच मिळत नाही. म्हणून वेळ मागे-पुढे सरकवतात. बॉक्समधलं वेळापत्रक वाहिनीनं आधीच पाठवलेलं असतं आणि ऐनवेळचा बदल त्यात उतरत नाही. म्हणून कार्यक्रमाच्या नावावर बटण दाबून रेकॉर्डिंग लावू नका, हातानं वेळ भरा: ५ मिनिटं आधी सुरू, १० मिनिटं नंतर बंद, महाएपिसोडला २० मिनिटं नंतर. साध्या वाहिनीचा एक तास साधारण एक ते दीड जीबी घेतो, एचडीचा तीन-चार. डिशच्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं, पेनड्राइव्ह बहिणीकडं नेऊन उपयोग नाही.

लाइट गेली की लावलेलं रेकॉर्डिंगही गेलं. निदान बॉक्स तरी इन्व्हर्टरवर घ्या, त्याला फार वीज लागत नाही. छत्रीला वेगळी वीज लागत नाही. केबल असेल तर गल्लीतल्या अॅम्प्लिफायरलाही वीज हवी, त्यामुळे घरात इन्व्हर्टर असूनही पडदा निळा राहू शकतो.

वाहिन्यांचे नंबर सारखे बदलतात. बॉक्स चालू केला की आधी नको ती बातम्यांची वाहिनीच लागते. (जालना)

२०१७ च्या ‘ट्राय’ नियमांनुसार एकदा दिलेला नंबर निदान एक वर्ष बदलता येत नाही. बदलला तर केबल किंवा डिश कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तोवर ‘फेव्हरिट’ यादी करून ठेवा. चालू होताच लागणारी वाहिनी बहुधा त्या जागेचे पैसे भरत असते. प्रेक्षकसंख्या मोजणारं यंत्र आवाजात मिसळलेल्या सांकेतिक खुणेवरून वाहिनी ओळखतं, म्हणून तेवढी मिनिटंसुद्धा तिला मोलाची वाटतात. काही बॉक्सवर सेटिंगमध्ये ‘शेवटची पाहिलेली वाहिनी’ निवडता येते.

वाहिनीकडे तक्रार केली तर कुणी वाचतं का? कशी लिहावी? (पैठण)

केबल टेलिव्हिजन नेटवर्कच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार वाहिनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची (वाहिन्यांची स्वतःची संस्था) सदस्य असेल तिच्याकडे अपील करता येतं. तिला ६० दिवस असतात. त्यानंतरची पायरी केंद्र सरकारची. हा मार्ग कार्यक्रम आणि जाहिरात संहितेच्या (वरचा नियम ७ म्हणजेच जाहिरात संहिता) भंगासाठी आहे. मालिका दोन मिनिटं आधी सुरू झाली किंवा कथा लांबली, यासाठी तो चालणार नाही. सिग्नल, पॅक, बिल यांच्यासाठी केबल किंवा डिश कंपनी, आणि तिथं दाद न मिळाल्यास तिचा नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला वरचा अधिकारी.

‘जाहिराती फार असतात’ अशा पत्राचं काही होत नाही. वाहिनीचं नाव, साधी की एचडी, केबल की डिश, तारीख, मिनिटापर्यंत वेळ, काय दिसलं आणि कोणता नियम, एवढं एका पानात लिहा. पट्टीसाठी घड्याळासकट मोबाइलवर फोटो काढा. आवाजासाठी मात्र मोबाइलचा व्हिडिओ पाठवू नका. मोबाइल स्वतःच मोठा आवाज दाबतो आणि हळू आवाज उचलतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला फरकच कळत नाही. त्याऐवजी ऑटो व्हॉल्यूम बंद करा, मालिकेला किती आकड्यावर ऐकू येतं आणि जाहिरातीला किती आकड्यावर आणावं लागतं ते लिहा, उदाहरणार्थ २२ आणि १३. सलग पाच दिवस, तीच वेळ, तीच वाहिनी. पोच २४ तासांत आली नाही, तर तारखेसह तेही अपिलात लिहा.