युरेल पास घेण्यापूर्वी

ॲमस्टरडॅम, पॅरिस, झुरिक आणि मिलान असा बेत असेल, तर युरेल पास (एकाच पासावर युरोपातील अनेक देशांत रेल्वेने फिरण्याची सोय) हातात आला म्हणजे जागाही मिळाली असे समजू नये. युरोस्टार व टीजीव्ही या वेगवान गाड्यांत पासधारकांनाही वेगळे शुल्क भरून आरक्षण करावे लागते आणि त्यांच्यासाठीच्या जागा मर्यादित असल्याने, मे-जूनमध्ये मुलांच्या सुटीत जाणाऱ्यांनी आधी जागा पाहून मगच पास घ्यावा. स्वित्झर्लंडच्या अंतर्गत गाड्यांत बहुधा ही कटकट नसते. ४ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्यांसोबत पास मोफत मिळतो, आरक्षण मात्र नेहमीच मोफत नसते. ॲमस्टरडॅमची गाडी पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकात येते आणि झुरिकची गार द लियों या दुसऱ्या स्थानकाहून सुटते, म्हणून आजी-आजोबा बरोबर असताना एकाच दिवशी दोन्ही गाड्या जोडू नयेत. सामान आपणच चढवायचे असते, तेव्हा माणशी एकच बॅग पुरे.