मावशीचा तबेला : चौदा शिंगरं आणि रिकामी थैली

मावशी, मी कळंब्याची, अकरावीला आहे. मैत्रिणीच्या नादानं सुट्टीत हाउर्स, म्हणजे पडद्यावर घोडे पाळायचा ऑनलाइन खेळ, खेळायला लागले. पहिली घोडी मिळाली, मग विक्रीत स्वस्त दिसतील ती शिंगरं घेत सुटले. आता चौदा जनावरं झालीत. इक्वस, म्हणजे खेळातले पैसे, संपत आलेत, रोज निम्मी उपाशी राहतात आणि एकही पुढं सरकत नाही. सगळी विकून टाकू का?
— चौदा घोड्यांची मालकीण

अगं बाई, चौदा! आमच्या आज्ज्यानं जन्मभर स्टेशनासमोर टांगा लावला, तेव्हा दारात एक घोडी. चांदणी. दुसरं जनावर घ्या म्हणून कुणी सुचवलं की तो म्हणायचा, "हिचाच खरारा उरकंना, दुसरीच्या अंगाला कोण हात लावणार?" तुझं दुखणं नेमकं तेच आहे. घोडी पडद्यावर असली म्हणून हात काय चौदा होत नाहीत.

सगळी विकू नकोस. पहिली घोडी ठेव, तिच्या जोडीला जातीनं बरी असतील अशी दोन ठेव, बाकीची मिळेल त्या भावाला काढ. पैसे कमी आले तरी हळहळू नको, त्यांच्या मुक्कामाचा खर्च वाचला हीच कमाई.

आता हिशेब बघ. या खेळात तुझा माझा एक दिवस म्हणजे घोड्याचे दोन महिने. सहा दिवसांत त्याचं वर्ष सरतं. म्हणजे ज्या दिवशी तू त्याच्याकडं बघितलं नाहीस, त्या दिवशी त्याच्या आयुष्यातले दोन महिने वाया. चौदापैकी सात उपाशी ठेवलीस तर रोज चौदा महिने पाण्यात. इक्वस पुन्हा मिळतील, हे महिने मिळणार नाहीत. ते मागं नेता येत नाहीत. वय पुढं ढकलायचे गुण मात्र मिळतात, आणि नवखी मंडळी तेच पहिल्या आठवड्यात उधळतात. शिंगरू शिकवायच्या आत मोठं करून काय मिळवायचं? ते गुण सध्या खिशात राहू देत.

पडद्यावर तीन आकडे दिसतात : ऊर्जा, आरोग्य, मनोबल. यातली ऊर्जा हीच खरी थैली. फेरी मारली, सराव केला, मोहिमेवर पाठवलं की ती खाली येते, खेळातल्या घड्याळाचे तासही जातात. तेव्हा क्रम असा धर. आधी वैरण आणि ओट, मग पाणी, गोंजारणं, खरारा. मग मोहीम, कारण त्यातून मिळकत होते. उरलेल्या ऊर्जेत सराव. आणि शेवटी, हे विसरायचं नाही, झोपव. झोपवलं नाहीस तर दुसऱ्या दिवशी ऊर्जा भरून येत नाही. एका घोड्याला हे सगळं करायला माझा चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. तीन घोडी म्हणजे चहा खाली उतरून गाळून होईतो. चौदा म्हणजे दूध उतू गेलंच समज.

खायला घालण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथंच मी स्वतः आपटले होते. बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी भाचीनं मला खातं काढून दिलं. खेळात घोड्याच्या चाऱ्याच्या कप्प्यात आज किती लागेल ते लिहिलेलं असतं. मी म्हटलं, मी काय कंजूष आहे? दुप्पट घाल. चार दिवसांत घोडा जास्त जाड झाला म्हणून सूचना आली. आमच्या चांदणीचंही एकदा असंच झालं होतं. शेजारच्या पोरानं मायेनं तिच्यापुढं हरभऱ्याची चंदी ओतली, तिनं चाटूनपुसून खाल्ली. रात्री पोटशूळ उठला. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्याचं जठरही शरीराच्या मानानं लहान असतं, म्हणून थोडं थोडं आणि वेळेवर खाऊ घालायचं असतं. आज्जा पहाटेपर्यंत तिला शाहूपुरीच्या गल्ल्यांतून चालवत होता. सकाळी ती लीद टाकून मोकळी झाली, तेव्हा आजीनं तव्यावर भाकरी टाकली. खेळात एवढा जीव जात नाही, पण लिहिलेला आकडा आपल्या मायेपेक्षा शहाणा असतो, एवढं ध्यानात ठेव.

मुक्कामाचं केंद्र, म्हणजे खेळात घोडा भाड्यानं ठेवायची जागा, निवडताना नुसती रोजची रक्कम बघू नकोस. केंद्र जंगलातलं असलं तर मोहिमेत लाकूड मिळतं, डोंगरातलं असलं तर लोहखनिज, किनाऱ्याचं असलं तर वाळू. घोड्याचे गुण वाढतील तशी ही मिळकत वाढते. चार दिवसांसाठी केंद्र बदलत फिरू नकोस, जरा लांबच्या मुदतीचं बघ. आणि आईच्या फोनवरून खऱ्या पैशांनी खेळातले पास विकत घेण्याचं मनात येत असेल तर ते तिथंच मार. तीन घोडी नीट सांभाळलीस की पासांवाचून तुझं अडणार नाही.

---

हाउर्समधला माझा घोडा सहा वर्षांचा झाला. सहाही गुण सारखे वाढवतोय, तरी ब्लप, म्हणजे पैदाशीसाठी घोडा किती चांगला ते सांगणारा आकडा, वर जात नाही. चूक कुठं होतेय?
— एक नोकरदार वाचक, गडहिंग्लज

तुम्ही सहाही सारखे वाढवताय, हीच चूक. सहनशक्ती, वेग, ड्रेसाज, चौखूर, दुडकी आणि उडी हे सहा गुण आहेत खरे, पण ब्लपसाठी घोड्याचे सर्वांत वरचे तीनच धरले जातात. जन्मजात क्षमतेच्या आकड्यांवरून ते तीन काढा आणि सगळी ऊर्जा तिथं ओता. उरलेल्या तिघांवर घातलेला एकही तास ब्लपच्या कामाचा नाही.

ब्लपचा आकडा उणे १०० ते अधिक १०० असा चालतो. पूर्ण १०० व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : त्या तीन गुणांचा सराव पूर्ण, स्पर्धांत २० विजय, आणि वय १० वर्षं. म्हणजे जन्मापासून ६० दिवस. तुमचा घोडा सहाचा आहे, म्हणजे हातात अजून २४ दिवस आहेत. विजय किती झालेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुतेक तिथंच अडलंय. आधी सराव संपवा, मग तुमच्या घोड्याच्या बळाला साजेशा लहान स्पर्धा शोधा. पहिल्याच दिवशी तगड्या घोड्यांच्या मैदानात शिरू नका.

ब्लप हा खेळवाल्यांचा शोध नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेतले पैदास-संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी गुरांसाठी १९५०च्या सुमारास ती पद्धत मांडली. आपल्या वळूची लेक किती दूध देईल, याचा अंदाज सख्ख्या-चुलत नात्यातल्या नोंदींवरून बांधायचा, हा तिचा गाभा. दुधाच्या जिल्ह्यात राहता, तुम्हाला ते सांगायला नको. खेळात तो आकडा सोपा करून ठेवलाय. पण ज्या जोडीचा ब्लप पूर्ण, तिच्या शिंगराची क्षमता चांगली निघते. म्हणून दहा वर्षांच्या आत पैदास काढायची घाई करू नका.

---

हा खेळ खेळून रंकाळ्यावर घोडा चालवता येईल का?
— सहावीतला एक मुलगा, मंगळवार पेठ

नाही रे बाळा. तिथं रिकीबीत पाय घालायला जीनवाल्या काकांनाच हाक मार.