फ्रीझर गार होत नाही, मेकॅनिक म्हणतो गॅस गेला. लगेच भरून घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सिडकोतला फ्लॅट, 260 लिटरचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रीज. कॉम्प्रेसर चालू असतो, पण बर्फाच्या ट्रेमधलं पाणी तसंच राहतं आणि आता खाली दूधही टिकत नाही. मेकॅनिकने मागून हात लावला, गॅस गेला म्हणाला आणि पैसे सांगितले.

इतक्यात हो म्हणू नका. फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गार न होण्याची कारणं बऱ्याचदा गॅसशी संबंधित नसतातच.

पहिली तपासणी हाताने होते. कॉम्प्रेसर अर्धा तास सलग चालू द्या आणि फ्रीजच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याला हात लावा. हल्लीच्या फ्रीजमध्ये कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळी, त्या पत्र्याच्या आतच असतो. पत्रा कोमट लागला तर कॉम्प्रेसर दाब तयार करतोय आणि गॅसही बऱ्यापैकी आहे. पत्रा गार आणि कॉम्प्रेसर सतत चालू, असं असेल तरच गॅस, चोकअप (नळी तुंबणं) किंवा कॉम्प्रेसरचा संशय घ्या. कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी गुणगुणतो आणि 'टिक' करून बंद पडतो का? मग आधी कॉम्प्रेसर सुरू करणारे आणि सांभाळणारे भाग, म्हणजे रिले, ओव्हरलोड आणि कपॅसिटर बघा, आणि सॉकेटवर मल्टिमीटर लावून व्होल्टेजही मोजा.

दुसरी तपासणी फॅनची. फ्रीझरचं दार उघडलं की आतला फॅन थांबतो, म्हणून दार उघडून ऐकलं तर काहीच कळत नाही. दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा आणि कान द्या. फॅन फिरत नसेल, किंवा बर्फावर पातं घासल्यासारखा खरखर आवाज येत असेल, तर बिघाडाची जागा सापडली. हवा निघते त्या जाळीसमोर सामान कोंबलेलं नाही ना, हेही बघा. आपल्याकडे द्राक्षांच्या सीझनमध्ये खोके थेट जाळीला टेकवले जातात आणि खालचा कप्पा गरम राहतो.

आता मुख्य गोष्ट. फ्रीज बंद करून प्लग काढा आणि फ्रीझरच्या आतलं मागचं पॅनेल उघडा. दोन-चार स्क्रू आणि खाचा असतात. गोठलेलं असेल तर ओढू नका, प्लास्टिक तडकतं. आतल्या कॉइलवर (गार होणाऱ्या नळीच्या वेटोळ्यांवर) बर्फ कसा बसलाय यावरून जवळजवळ सगळं कळतं.

पूर्ण कॉइलवर पातळ, सारखा पांढरा थर असेल तर गॅस ठीक आहे. कॉइल बर्फात गाडली गेली असेल, पंख्यापर्यंत बर्फ आला असेल, तर डीफ्रॉस्ट, म्हणजे बर्फ वितळवणारी यंत्रणा, बिघडलंय. हवा जायलाच वाट नाही, म्हणून आधी खालचा कप्पा आणि मग फ्रीझर मार खातो. फक्त पहिल्या एक-दोन वेटोळ्यांवर बर्फाचा गोळा आणि बाकी कॉइल कोरडी, ही गॅस कमी असल्याची खूण. तुमच्या मेकॅनिकने हे पॅनेल न उघडता निदान केलं असेल, तर मी ते निदान धरणार नाही.

बर्फ भरलेला असेल तर सुरी, स्क्रू ड्रायव्हर, हीट गन काहीही वापरू नका. हल्लीच्या अनेक फ्रीजमध्ये आर 600 ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. दोन्ही दारं उघडी ठेवून 24 तास फ्रीज बंद ठेवा, खाली टॉवेल घाला. कॉइलखालच्या निचऱ्याच्या भोकात सिरिंजने कोमट पाणी सोडा. ते मागच्या ट्रेमध्ये उतरलं पाहिजे. यानंतर फ्रीज झकास चालला आणि आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा तेच झालं, तर गॅसचा संबंध नाही हे पक्कं.

मग डीफ्रॉस्टचे भाग एकेक तपासायचे: हीटर, बायमेटल (तापमानानुसार जुळणारा-तुटणारा स्विच), थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर तुटणारा फ्यूज) आणि जुन्या मॉडेलात टायमर. नव्यात टायमरऐवजी सेन्सर आणि पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) असतो. हीटर 150 वॅटचा असेल तर मीटरवर साधारण 350 ओहम यायला हवेत. काहीच आलं नाही तर तो तुटलाय. थर्मल फ्यूजमधून नेहमी कंटिन्युइटी (सलग जोडणी) मिळाली पाहिजे. नसेल तर बदला, थेट वायर जोडून चालवू नका. हीटर बंदच झाला नाही तर आग रोखणारा भाग तोच आहे.

बायमेटलबाबत सर्रास चूक होते. तो थंडीत जुळतो आणि गरमीत तुटतो, म्हणून खोलीच्या तापमानाला मीटर काहीच दाखवत नाही आणि चांगला भाग खराब ठरवला जातो. ठेचलेल्या बर्फात भरपूर मीठ घाला, बायमेटल पिशवीत घालून पंधरा-वीस मिनिटं त्यात बुडवा आणि मग मोजा. टायमर असेल तर त्याचा दांडा स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने हळू फिरवा. 'टक' झाल्यावर कॉम्प्रेसर थांबून हीटर सुरू व्हायला हवा.

गॅसच कमी निघाला, तर गळती कुठे आहे हे आधी विचारा. नायट्रोजनने दाब देऊन ती शोधतात. दुरुस्तीनंतर फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारा भाग) नवा घालायचा, व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवायचा आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. नेमके ग्रॅम कॉम्प्रेसरजवळच्या किंवा मागच्या लेबलवर छापलेले असतात. आर 600 ए चं चार्ज (भरायच्या गॅसचं प्रमाण) इतकं कमी असतं की पाच-दहा ग्रॅमचाही फरक पडतो, अंदाजाने भरून चालत नाही. त्या कॉम्प्रेसरमध्ये आर 134 ए हा वेगळा गॅस घालतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. आणि फ्रीज काही तास बंद ठेवल्यावर थोडा वेळ छान गार होऊन पुन्हा थांबत असेल, तर नळीत ओलावा शिरून कॅपिलरीच्या (अगदी बारीक नळीच्या) तोंडाशी गोठतोय. तिथे नुसता गॅस वाढवून उपयोग नाही.

डिसेंबर-जानेवारीत हा त्रास सुरू झाला असेल तर एक साधं कारणही बघा. नाशिकला पहाटे पारा 10 अंशांखाली जातो आणि फ्रीज ड्राय बाल्कनीत असेल तर खालच्या कप्प्यातल्या थर्मोस्टॅटला सगळं आधीच गार वाटतं. कॉम्प्रेसर कमी चालतो आणि फ्रीझर -18 पर्यंत पोहोचतच नाही. फ्रीज घरात घ्या किंवा नॉब वाढवा. मात्र तुमचं दूधही नासतंय, म्हणून तुमच्याकडे हे कारण मला कमी वाटतं. तुमची लक्षणं आणि 'कॉम्प्रेसर चालू' बघता माझा पहिला संशय डीफ्रॉस्टवर, दुसरा फॅनवर.

पॅनेल उघडलंत की कॉइलचा फोटो आणि लेबलवरचा मॉडेल नंबर इथे टाका, त्यावरून कोणता भाग मागवायचा ते सांगता येईल.