गावात ख्रिस्ती घरं चार-पाचच. रविवारची उपासना होते, मग वेगळा जिवलग मित्र कशाला?

लागतोच. कापूस बोंडअळीनं गेला, सावकाराचं व्याज चढलं, सुटलेली दारू पुन्हा लागली, हे भरल्या मंडळीत कोण उघडं करणार? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:16) पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलंय. ते दोघा-तिघांतच जमतं.

पुरुषांनी पुरुषांशी, बायांनी बायांशी, वार ठरवून आठवड्यातून तासभर बसा. वेचणीच्या दिवसांत रात्री जेवणं झाल्यावर. आधी घरचं-शेतातलं, मग एक अध्याय, मग एकमेकांचं नाव घेऊन प्रार्थना. मागच्या वेळी सांगितलेलं पुढच्या वेळी विचाराच, खरी मैत्री तिथंच घट्ट होते.

बिघडतं बहुधा दोन कारणांनी. विश्वासानं सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून गावभर होते, नाहीतर मध्ये उसनवारी शिरते. पैसे द्यायचेच तर परत मागावे लागणार नाहीत, एवढेच द्या.