'सेवा-अवलंबित्व' की 'सेवेची मागणी'?

प्रश्न असा आहे : जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या मॉड्यूलांविषयी, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र भागांविषयी, मराठीत लिहिताना 'सर्व्हिस डिपेंडन्सी डिक्लेअर करणे' याला 'सेवा-अवलंबित्व घोषित करणे' म्हटलं तर चालेल का?

व्याकरणाने चालेल, पण अर्थ निसटतो. आपण एखाद्या गोष्टीवर अवलंबून असतो तेव्हा तिच्यावाचून आपलं अडतं. २०१७ मध्ये जावा ९ बरोबर मॉड्यूल-इन्फो ही फाइल आली; मॉड्यूलला काय लागतं आणि ते काय पुरवतं, ते तिच्यात लिहितात. तिच्यातल्या साध्या 'रिक्वायर्स'ला ('अमुक मॉड्यूल लागतं') हे तंतोतंत लागू पडतं : नाव दिलेलं मॉड्यूल सापडलं नाही तर प्रोग्राम सुरूच होत नाही. तिथे 'अवलंबित्व' खुशाल वापरा.

सेवा मागणाऱ्या 'यूजेस'चं तसं नाही. जावाचंच जावा.एसक्यूएल हे मॉड्यूल बघा. त्यात 'यूजेस जावा.एसक्यूएल.ड्रायव्हर' अशी ओळ आहे. ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडून देणारा भाग) हवा, एवढंच ती सांगते; कोणाचा, ते सांगत नाही. ज्या मॉड्यूलकडे ड्रायव्हर आहे ते आपल्या फाइलमध्ये 'प्रोव्हाइड्स' आणि 'विथ' लिहून तसं कळवतं, आणि दोघांची गाठ सेवा शोधून देणारा जावाचा सर्व्हिसलोडर घालून देतो. पुरवठादार एकही नसला तरी सर्व्हिसलोडर कुरकुर करत नाही, रिकाम्या हाताने परत येतो. गंमत म्हणजे, 'यूजेस'ची ओळच लिहायची राहिली आणि कोडमध्ये सर्व्हिसलोडरकडे सेवा मागितली, तर मात्र चालत्या प्रोग्राममध्ये एरर येते. थोडक्यात, नोंद सक्तीची, माल मिळेलच असं नाही. याला आपल्याकडे 'मागणी नोंदवणे' म्हणतात! मग 'प्रोव्हाइड्स'ला 'पुरवठा' हा जोडीदारही आयता मिळतो.

'ओएसजीआय' या जावासाठीच्याच दुसऱ्या मॉड्यूल-व्यवस्थेमध्ये मात्र जरा जपून. तिथल्या डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेसमध्ये (घटकाला कोणत्या सेवा हव्यात ते आधीच लिहून ठेवण्याच्या पद्धतीत) वेगळं काही सांगितलं नाही, तर सेवा मिळेपर्यंत घटक कार्यान्वितच होत नाही. तो खरोखरच अडून बसतो, म्हणून 'सेवेवर अवलंबून' तिथे शोभतं. सेवेचा संदर्भ ऐच्छिक ठेवला असेल तर पुन्हा 'मागणी'.

'सेवेचा अवलंब' असंही कुणी लिहितं, ते टाळा. अवलंब मार्गाचा किंवा पद्धतीचा करतात. तो स्वीकार झाला, गरज नव्हे. आणि 'घोषित' मला तरी आणीबाणीसाठी राखून ठेवावासा वाटतो. 'हे मॉड्यूल ड्रायव्हरची मागणी नोंदवतं' या वाक्यात त्याची उणीवही भासत नाही.